आप्पांना औषध लागू पडेना

सिस्टर बारदेसकरांचं नाव फोनवर उमटलं की नीला आधी खुर्चीतून उठायची आणि मग फोन घ्यायची. बसून ती बातमी ऐकायचं बळ तिच्यात नसे.

"मॅडम, सर परत आलेत. घाबरू नका, ऑक्सिजन लावलाय, बोलतायत. पण दम चांगलाच लागलाय, आणि पायांवर सूज आहे."

"गोळी चुकली होती का?"

"दंडावरची पट्टी तरी रोज घेतलीय म्हणून सांगतेय. आता काय म्हणायचं?"

नीलानं बॅग उचलली. रजेचा प्रश्न नव्हता. आई-वडील इस्पितळात दाखल झाले की दवाखान्याचा संदेश परस्पर नोकरीच्या ठिकाणी जायचा आणि रजा आपोआप मंजूर व्हायची. सरकारनं हा नियम केला तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. पुण्याहून गडहिंग्लजच्या रस्त्याला लागताना तिच्या मनात भीती होतीच, पण तिच्या जोडीला एक चीडही होती. ती चीड त्या गोळीवर होती, कारण ती गोळी हेच नीलाचं काम होतं.

'ज्येष्ठ औषध हमी' राज्यात लागू होऊन काही वर्षं झाली होती. त्याआधीचे दिवस नीलाला चांगले आठवत. रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची औषधं म्हातारी माणसं पुरवून पुरवून वापरायची. बरं वाटलं की दोन दिवस बंद, पाहुणे आले की विसरली, महाग झाली की अर्धी. शरीर बिचारं सगळं सोसत राहायचं आणि मग एके दिवशी एकदम हात टेकायचं. फुफ्फुसात पाणी, मेंदूत गुठळी, साखर आभाळाला. धावपळ, अ‍ॅम्ब्युलन्स आणि तातडीच्या विभागातली खाट. त्या विभागातल्या कितीतरी खाटांवर अशीच माणसं असत, ज्यांना वेळच्या वेळी औषध मिळालं असतं तर तिथं यावंच लागलं नसतं. म्हणून ठरलं, की पासष्टीपुढच्या प्रत्येकाचं औषध सरकार देईल, आणि ते पोटात जातंय की नाही हेही बघेल.

हे जमलं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे औषधाच्या दुकानात बसवलेलं छपाईयंत्र. ते प्रत्येकाची सगळी औषधं थरावर थर छापून दिवसाची एकच गोळी तयार करी. वरचा थर लगेच विरघळे, मधला संध्याकाळी, आतला रात्री. दुसरी गोष्ट त्या गोळीच्या पोटातला वाळूएवढा कण. त्याच्या एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला मॅग्नेशियम. शाळेत लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून वीज तयार करायचा प्रयोग असतो, तसंच हे. जठरातल्या आम्लात गोळी पडली की त्या कणात इवलीशी वीज निर्माण होई. ती अंगातून वाहत दंडावर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत पोचे आणि पट्टी नोंद करी की गोळी पोचली.

योजना फळाला आली. तातडीच्या विभागातली गर्दी ओसरली. "आता आम्हाला चहा गरम असताना प्यायला मिळतो," असं सिस्टर बारदेसकर एकदा म्हणाल्या होत्या, आणि नीलानं ते वाक्य आपल्या कार्यालयात सगळ्यांना ऐकवलं होतं.

पण थोडी माणसं मात्र येतच राहिली. पट्टी म्हणे, गोळी गेली. रक्त तपासलं तर त्यात औषधाचा मागमूस नाही. गोळी जाते आणि औषध पोचत नाही, हे कसं? कार्यालयातले दोन तरुण शास्त्रज्ञ हरखून गेले होते. वय झालं की काही जणांच्या आतड्याचं अस्तर असं बदलत असेल की औषध शोषलंच जात नसेल, असा त्यांचा तर्क होता. नवा रोग हाती लागतोय असं त्यांना वाटत होतं. ह्या 'लागू न पडणाऱ्या' माणसांचा छडा लावायचं काम नीलाकडे होतं. आणि त्यांतलेच एक तिचे वडील होते. कार्यालयात हे कुणाला ठाऊक नव्हतं. माणसांच्या नावांऐवजी तिथं फक्त आकडे असत.

ती पोचली तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते. चन्नबसप्पा कडगावे, गावासाठी कडगावे सर. शाळेत खेळाचे मास्तर होते, आणि अजूनही त्यांचा आवाज शिट्टीसारखा लागायचा. आता मात्र नाकावर मास्क होता आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलत होते. दाढी मात्र घोटलेली. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आलीस? जेवलीस का वाटेत?"

"आप्पा, बोलू नका तुम्ही."

"बरं," म्हणून ते हसले आणि तिचा हात धरून बसले. शिरेतून दिलेल्या औषधानं दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तिसऱ्या दिवशी ती त्यांना घरी घेऊन गेली, गरम भाकरी केली, वरणात त्यांना आवडतो तसा जास्तीचा लसूण घातला. आप्पा ओट्याशी स्टूल घेऊन बसले आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगत राहिले. आई गेल्यापासून हे घर इतकं बोलकं तिनं ह्याच दिवसांत पाहिलं होतं, दवाखान्यातून सुटल्यानंतरच्या दिवसांत. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "ह्या वेळी डॉक्टरनं लवकरच सोडलं. आणखी दोन दिवस ठेवून घ्या म्हणत होतो मी."

नीलाला ते विनोदानं म्हटल्यासारखं वाटलं.

*

पुण्यात डॉक्टर मुकादमांनी तिला बोलावून घेतलं. त्या नीलाच्या वरिष्ठ होत्या. बोलणं मोजकं, पण माणसाकडे पुरतं लक्ष देऊन ऐकणाऱ्या.

"आतड्याचं कोडं सुटेल तेव्हा सुटेल. तोवर ह्या लोकांना असं वाऱ्यावर सोडता येत नाही. आपण त्यांना डबी बसवू."

डबी म्हणजे काड्यापेटीहून लहान पंप. तो छातीच्या कातडीखाली बसवायचा. तो दिवसभर थेंबाथेंबानं औषध थेट रक्तात सोडी. गोळी नको, आठवण नको, आतडंही नको. वर्षातून दोनदा सुईनं भरली की झालं.

नीला हो म्हणाली. तिला हायसंच वाटलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं घरी डबीची गोष्ट सांगितली. तिची मुलगी रेवा बारावीत होती. आमटी वाढून घेत ती म्हणाली, "पण आई, आजोबा आजारी पडताना किती विचार करून पडतात ना! माझी सहामाही संपली आणि मग पडले. मागच्या वेळी तुझं ते ऑडिट संपलं आणि मग पडले. कधी आपल्या मध्ये येत नाहीत."

नवरा हसला. नीलाचा घास मात्र हातातच राहिला.

कामाची गडबड संपली का गं? आप्पा फोनवर दर वेळी हे विचारत. ती म्हणे, संपली आप्पा, आता जरा मोकळी आहे. आणि मग आठवडाभरात सिस्टर बारदेसकरांचा फोन. कालच्या फोनवरही ती मोकळी आहे असंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिनं त्या सगळ्या माणसांकडे नव्यानं पाहिलं. इतके महिने ती त्यांच्या पोटात कारण शोधत होती. पाणी कुठलं पितात, तेल कुठलं खातात, आधीचे आजार कोणते, हे सगळं तपासून झालं होतं. घरात कोण असतं, हे मात्र तिनं विचारलंच नव्हतं. आता विचारलं. जवळजवळ सगळी माणसं एकटी राहणारी होती, आणि त्यांची मुलं दुसऱ्या शहरात. लेकाच्या किंवा सुनेच्या हातचं जेवणारा त्यांत क्वचितच एखादा. असा आजार आतड्याला होत नाही.

तिनं साधी रजा टाकली, बिनपगारी. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे तिला सुचेना, म्हणून 'घरगुती' असं लिहिलं. आणि कुणाला न सांगता भल्या सकाळी गाडी काढली.

*

गडहिंग्लजला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पा स्वयंपाकघरात पाठमोरे बसलेले होते. समोर एक वाटी, शेजारी पिळलेली लिंबाची फोड, आणि उजव्या हाताची दोन बोटं वाटीत बुडवलेली. शाळेत पाय मुरगळलेल्या मुलाला गरम पाण्यात पाय बुडवून बसवायचे, तसे स्वतःच बसलेले.

तिची चाहूल लागली आणि ते वळले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर नुसतीच भीती होती.

"नीलव्वा? काय झालं?" ते धडपडत उठले. बोटांवरून लिंबाचं पाणी टपटप गळत होतं. "जावईबापू बरे हायत न्हवं? रेवा? तुला काय झालंय? खरं सांग."

"काही झालं नाही, आप्पा. सगळे बरे आहेत."

"मग आलीस कशी?"

ह्या माणसाच्या घरी त्याची लेक कारणाशिवाय येऊ शकते, हे त्याला खरंच सुचत नव्हतं.

मग आप्पांचं लक्ष वाटीकडे गेलं. तिचंही गेलं. तळाशी गोळी विरघळत होती, थर सुटून पाणी गुलाबी झालं होतं. आम्लाला आम्ल, आणि विजेला अंगात शिरायला बोटं. दंडावरच्या पट्टीला बिचारीला काय कळणार, ते जठर आहे की वाटी.

"हे कुणी शिकवलं?"

"मैदानावरच्या बाकावर चव्हाण मास्तर असतात," आप्पा हळूच म्हणाले. "विज्ञान शिकवायचे. त्यांचा मुलगा दुबईला हाय." थोडं थांबून म्हणाले, "रोज न्हाई करत गं. तुझं काम आटोपलं असंल तवाच. चार-पाच दिवस फक्त. मग पाय सुजतात, दम लागतो, की मी आपला चालत दवाखान्यात जातो. लांब कुठं हाय?"

"इस्त्रीचा शर्ट घालून."

"तू येणार असतेस की."

नीला स्टुलावर बसली. तिला ओरडायचं होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, छातीत पाणी भरलं म्हणजे काय होतं, हृदयाचा स्नायू दर वेळी कसा थोडा थोडा कायमचा जातो, ते सगळं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आप्पा, तुम्ही मेला असता."

"मागच्या खेपेला मलाबी तसं वाटलं," आप्पा म्हणाले. "जरा जास्तच झालं. वाटेत पुलावर बसलो होतो. म्हटलं, लेक पोचायच्या आधी काही झालं तर सगळाच घोळ हुईल."

आता मात्र ती रडली. आप्पा गडबडले. ओल्या हातानंच तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "रडू नको. अगं, फोनवर तू विचारतेस, आप्पा, सगळं ठीक ना? मी ठीक म्हटलं की फोन संपतो. ठीक न्हाई म्हटलं की तू येतेस. मी तरी काय करू?"

तिनं उठून वाटी मोरीत ओतली. डब्यातली दुसरी गोळी काढली, पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी शाळकरी मुलासारखी ती गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. त्या अवस्थेतही दोघांना हसू आलं.

*

"नियम तुला माहीत आहे," डॉक्टर मुकादम म्हणाल्या. नीलानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, वडिलांच्या नावासकट. "जाणूनबुजून औषध टाळणाऱ्याची हमी रद्द होते. आणि तू 'कारण अज्ञात' असं लिहिलंस तर शास्त्रज्ञ मंडळी आणखी दोन वर्षं आतडी तपासत बसतील."

"मी खरंच लिहिणार आहे, मॅडम. फक्त सगळंच खरं लिहिणार आहे. औषध उत्तम लागू पडतं. ते मिळालं तर माणसं तातडीच्या विभागात येत नाहीत, हे आपलं म्हणणं बरोबरच आहे. पण काही माणसं तिथं औषध मिळालं नाही म्हणून नव्हे, मुलं भेटावीत म्हणून येत होती. मुलांना रजा कधी मिळते? आई-बाप खाटेवर पडल्यावर. आपण संदेश कधी पाठवतो? तेव्हाच. बरं असलेल्या बापासाठी आपल्याकडे काही नाहीच. हे आपणच त्यांना शिकवलंय."

मुकादम म्हणाल्या, "वडील त्यात आहेत म्हटल्यावर तुला ह्या अभ्यासातून बाजूला व्हावं लागेल."

"ठाऊक आहे."

"लिही."

समितीनं त्या अहवालाचं जे करायचं ते केलं, म्हणजे थोडं ऐकलं आणि थोडं नाही. कुणाची हमी रद्द झाली नाही. आई-वडील ठणठणीत असतानाही भेटीची रजा द्यावी, ही गोष्ट दोन जिल्ह्यांत करून बघायचं ठरलं. पुणे त्यांत नव्हतं. आणि 'लागू न पडणाऱ्या' सगळ्यांना डबीचा आग्रह करावा, असा ठराव झाला. जबरदस्ती नाही, ज्याची त्याची संमती हवी. नीलाचं टेबल दुसऱ्या विभागात हललं, जिथं चष्म्यांच्या वाटपाचं काम चाले.

डबीचं आप्पांशी तिनं स्वतःच बोलायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी ती गेली. बाहेर पायरीवर दोघं बसले.

तिनं सगळं समजावून सांगितलं. आप्पा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती बसवली की लिंबू-बिंबू काही चालणार न्हाई."

"नाही."

"आजारीच पडता येणार न्हाई मला."

"ह्या कारणानं तरी नाही."

"मग तू येणार कशी?"

"उगाच येईन, आप्पा."

"उगाच कोण येतंय गं? सगळी कामाची माणसं तुम्ही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खेळाडू दमलाय हे ओळखून त्याला बाकावर बोलावणाऱ्या मास्तराचा असतो तसा तो आवाज होता. "तू मनानं येशील. पण मन आणि पाय एकाच वेळी मोकळे असतात असं न्हाई."

शपथ घ्यावी असं तिला वाटलं, पण तिनं घेतली नाही. पाळता न येणारी शपथ त्यांनी लगेच ओळखली असती.

आप्पा उठले, चपला घातल्या आणि फेरफटका मारून येतो म्हणून गेले. बऱ्याच वेळानं परतले. फाटकाची कडी लावता लावता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "बसवू या डबी."

"नक्की?"

"मी बोलवल्यावर आलीस, तर ती औषधाला आलीस. मला कधी कळलंच न्हाई, माझ्यासाठी किती आणि छातीतल्या पाण्यासाठी किती." ते पायरीवर येऊन बसले. "आता माझ्या हातात काही ठेवत न्हाई. आलीस तर तुझी तू येशील. न आलीस तरी मी बरा असेन. तेवढं तर तुला पाहिजे न्हवं?"

नीलानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी "काय सर, लेक आली का?" असं विचारलं, आणि आप्पा जोरात म्हणाले, "आलीय!"

*

डबी बसवायला फार वेळ लागला नाही. सिस्टर बारदेसकरांनी टाक्यांवर पट्टी लावली आणि म्हणाल्या, "सर, आता इकडं यायचं नाही हां." आप्पा म्हणाले, "चहाला तरी?" त्या म्हणाल्या, "चहाला या. पण चालत या आणि चालत जा."

पुढच्या महिन्यात नीला गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात जाणं जमलं नाही. रेवाची परीक्षा होती, घरात पाहुणे होते, आणि निघते निघते म्हणता रविवार संपला. तिनं फोन केला. सगळं ठीक ना, असं विचारायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. म्हणून तिनं विचारलं, आज भाजी काय केली? आप्पांनी वांग्याची सांगितली. मग वांगी कुणाकडून आणली, तो हल्ली कसा फसवतो, त्याच्या मुलाचं लग्न कसं मोडलं, असं बोलणं वाढत गेलं. फोन ठेवताना तिला अपराधी वाटत होतं. आप्पा मात्र म्हणाले, "आज कान दुखला माझा!" आणि तिला त्यांच्या आवाजात हसू ऐकू आलं.

तरी ती गोष्ट तिला डाचत राहिली. म्हणून त्यानंतर एका बुधवारी, काहीच निमित्त नसताना, तिनं रजा टाकली आणि निघाली. फोन केला नाही. त्यांचं तोंड बघायचं होतं तिला.

घराला कुलूप होतं.

तिनं लगेच आप्पांना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग पलीकडून एकदम गलका, पाण्याचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"हां, बोल नीला!"

"आप्पा! कुठं आहात तुम्ही?"

"मी? मी आजऱ्याला, रामतीर्थावर! आमची सगळी मंडळी आलीय, चव्हाण मास्तर, त्यांची बहीण, सगळी. पिठलं-भाकरी आणलीय. का गं?"

"मी घरी आलेय. कुलूप आहे."



"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. उगाच आले."

मग त्यांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलेलं तिला ऐकू आलं, "आमची लेक आलीय. न्हाई न्हाई, उगाच आलीय." आणि परत फोनवर आले तेव्हा मास्तरांचा आवाज पुरता परतला होता.

"अगं, फोन करून यायचं की! माणूस घरी असतंय काय, न्हाई काय? आता मी जेवल्याबिगर येणार न्हाई, सांगून ठेवतो. किल्ली शेजारी मुल्लाभाभींकडं हाय. दुपारी पड जरा. आणि सांजच्याला भात लाव."

"किती लावू?"

"दोघांचा," आप्पा म्हणाले. "आणि जास्तीचा लाव थोडा. भूक लागतीय मला हल्ली."

फोन ठेवून नीला काही वेळ बंद दारापुढे उभी राहिली. ह्या गावात आज तिला कुणा डॉक्टरला भेटायचं नव्हतं, कुठला रिपोर्ट आणायचा नव्हता. काय करावं हेच तिला कळेना. मग ती मुल्लाभाभींकडे किल्ली आणायला गेली. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि विचारलं, "सर बरे आहेत ना?"

"बरे आहेत, भाभी," ती म्हणाली. "फिरायला गेलेत."